गार्डन रीचमधली कोसा रंगाची भिंत

माझ्या मावशीने आयुष्यात पहिल्यांदा भिंतीचा रंग निवडला, तो वयाच्या ६१व्या वर्षी. लग्न झाल्यापासून पस्तीस वर्षं ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिली. आधी नागपूरचं मोतीबाग, मग बिलासपूर, मग खड्गपूर आणि शेवटी कोलकात्याचं गार्डन रीच. गावं बदलली, शेजारी बदलले, पण तिच्या भिंती सगळीकडे फिकट पिवळ्याच. रंग द्यायची वेळ आली की माणसं यायची, तोच पिवळा मारून जायची. "आपल्याला कोण विचारतंय," म्हणत ती भिंतीवर कॅलेंडर अडकवायची. काका निवृत्त झाल्यावर चार वर्षं भाड्याचं घर. तिथे घरमालकाचा रंग.

गेल्या वर्षी दोघांनी गार्डन रीचमध्येच एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. लेक-जावई कोलकात्यातच, नात चार वर्षांची, त्यामुळे नागपूरला परतायचा विषय मागे पडला. कालीपूजा झाली आणि मला मावशीचा फोन आला.

"तू त्या घर सजवण्यावर लिहितेस ना? मग ये महिनाभर. मला ग्रेज रंग द्यायचाय आणि तुझे काका ऐकत नाहीयेत."

इथे एक कबुली देते. 'यंदा घराला कोणता रंग द्याल' या विषयावर मी दोन लेख लिहिले होते, पण स्वतः एकाही भिंतीला हात लावला नव्हता. लॅपटॉप घेतला आणि गीतांजली एक्स्प्रेसमध्ये बसले.

ज्यांना ग्रेज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्रे आणि बेज यांच्या मधला रंग. राखाडी म्हणावा तर तेवढा थंड नाही, बदामी म्हणावा तर तेवढा पिवळा नाही. उबदार ग्रेज म्हणजे ज्यात बदामीचा अंश जास्त आहे तो. फोनवर घरांचे फोटो बघणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. मावशीनेही तसाच एका फोटोत पाहिला आणि त्यावर जीव जडवला. काकांचं म्हणणं एकच होतं, "पिवळ्याला काय झालं?"

गार्डन रीच आणि आपलं नागपूर

हावड्याला उतरून विद्यासागर सेतूवरून खिदिरपूर गाठायचं आणि तिथून पश्चिमेकडे वळायचं. ट्रक, कंटेनर, गोदीच्या लांबच लांब भिंती, त्यांच्यामागून डोकावणाऱ्या क्रेन. बाग कुठे दिसत नाही. नदीच्या एका सरळ पट्ट्याला इंग्रजीत 'रीच' म्हणतात. हुगळीच्या या पट्ट्यावर कंपनी सरकारच्या काळात साहेबलोकांचे बागाबंगले होते, म्हणून गार्डन रीच. जहाजातून कोलकात्याला येणाऱ्या माणसाला शहराआधी ही पांढऱ्या बंगल्यांची रांग दिसायची.

मराठी माणसाला हे गाव अनोळखी वाटेल, पण विदर्भातल्या रेल्वेवाल्यांना विचारून बघा. १८८७ मध्ये बेंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. नागपूरहून आसनसोलपर्यंतचा मार्ग १८९१ मध्ये झाला आणि १९०० साली गाड्या थेट हावड्याला पोचू लागल्या. या बीएनआरचं मुख्यालय गार्डन रीचमध्ये. पुढे १९५५ मध्ये तिची दक्षिण पूर्व रेल्वे झाली, मुख्यालय तिथेच राहिलं. नागपूर विभाग २००३ पर्यंत याच रेल्वेत होता, मग तो बिलासपूरच्या नव्या विभागीय रेल्वेकडे गेला. म्हणजे काका ज्या काळात नोकरीला लागले त्या काळात मोतीबागेतल्या कारकुनाच्या बदलीचा, बढतीचा कागद गार्डन रीचहून यायचा. काका अजून 'गार्डन रीचने कळवलंय' असं म्हणतात, जणू ते गाव नसून एखादा कडक मामा आहे.

आणि शेजारी मटियाबुर्ज. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि नवाब वाजिद अली शाह कोलकात्याला आला तो इथे. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'मध्ये अमजद खानने केलेला तो नवाब. पुढची तीस वर्षं त्याने इथे छोटं लखनौ वसवलं आणि १८८७ मध्ये, बीएनआर कंपनी निघाली त्याच वर्षी, तो वारला. त्याची कबर इथल्या सिब्तैनाबाद इमामबाड्यात आहे. रेल्वेच्या महाव्यवस्थापकांचा बंगला हे नवाबाचं इथलं पहिलं घर, असं रेल्वेतले लोक सांगतात. मटियाबुर्ज या नावाचा अर्थ मातीचा बुरूज. रंगाच्या शोधात मी मातीच्या नावाच्या गावात आले होते, हे मला जरा उशिरा लक्षात आलं.

गुलाबी, मग सिमेंट, मग शेवाळ

फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं तेव्हा आधीच्या मालकाच्या भिंती तशाच होत्या. हॉल पिस्ता हिरवा, आतली खोली जांभळी. हॉलच्या खिडकीतून दोन इमारतींच्या फटीतून नदीची एक चिंधी दिसते. मावशीला त्या चिंधीचं भारी कौतुक. मला मात्र दुसरीच गोष्ट दिसली. गार्डन रीचपाशी हुगळी वळण घेते आणि नदी गावाच्या उत्तरेला येते. म्हणजे नदीकडे उघडणारी खिडकी उत्तरेची. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. त्या उजेडात राखाडी रंग आणखी थंड दिसतो. पुण्यातल्या कुणाच्या दक्षिणमुखी हॉलमध्ये लोण्यासारखा दिसलेला ग्रेज इथे तसा दिसेलच असं नाही.

मावशीने फोटोतल्या रंगाचं अमेरिकन नाव दुकानदाराला दाखवलं. ती शेड इथे मिळत नाही, पण त्याने आपल्या कार्डावरून जवळची काढली, मशिनने लहान डबा बनवून दिला. मिस्त्रीने हॉलच्या पिस्ता भिंतीवर हातभर पट्टा मारला. वाळल्यावर आम्ही सगळे बघत उभे राहिलो.

"हे तर घामोळ्याचं लोशन," काका म्हणाले.

खरंच गुलाबी दिसत होतं. रंग चुकलेला नव्हता, जागा चुकली होती. हिरव्याच्या शेजारी ठेवलेला कुठलाही मवाळ रंग डोळ्याला लालसर वाटतो. मिशेल शेव्रुल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या प्रसिद्ध गोब्लें कारखान्यात लोकर रंगवण्याच्या विभागाचा प्रमुख होता. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याने शोध घेतला आणि दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यात आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याचं यावरचं पुस्तक १८३९ मध्ये निघालं. आपण तेच अजून भिंतीवर शिकतोय. जुन्या रंगावर नमुन्याचा पट्टा मारू नका. दोन बाय दोन फुटांचा हार्डबोर्ड किंवा जाड पुठ्ठा घ्या, त्यावर प्रायमर लावून नमुन्याचे दोन हात द्या, कडेने पांढरा कागद चिकटवा आणि तो फळा खोलीभर फिरवा. भिंतीला उभाच टेकवा. जमिनीवर आडवा ठेवला तर त्यावर छताचा उजेड पडतो आणि रंग वेगळाच दिसतो.

दुसरा नमुना फळ्यावर लावला. मिस्त्री वयाने काकांएवढे, मटियाबुर्जचेच. उर्दू, बंगाली आणि हिंदी एकाच वाक्यात बोलणारे. त्यांनी टेबलफॅन लावला आणि वाळेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही अशी तंबी दिली. पाण्यातला रंग ओला असताना फिका दिसतो, वाळला की गडद होतो. वाळला तेव्हा तो सिमेंटसारखा झाला.

"जहाजाचा रंग," काका म्हणाले. इथल्या माणसाने हे म्हणावं यात नवल नाही. गार्डन रीचचा जहाजकारखाना १८८४ मध्ये छोटी कार्यशाळा म्हणून सुरू झाला, १९६० मध्ये सरकारने घेतला आणि १९६१ मध्ये तिथून नौदलाला 'आयएनएस अजय' मिळाली, स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका. ते राखाडी सांगाडे काका रोज बघत आले आहेत. घरात पुन्हा तेच त्यांना नको होतं.

तिसरा नमुना जास्त उबदार घेतला. दिवसा झकास. मावशीने तर मनातल्या मनात पडदेही लावून टाकले. रात्री दिवा लावला आणि फळा शेवाळल्यासारखा दिसू लागला.

याचं कारण मला दुकानात मशिनपाशी उभं राहिल्यावर कळलं. ग्रेज बनवायला पांढऱ्या बेसमध्ये थोडा काळा, थोडा पिवळा ऑक्साइड आणि थोडा लाल ऑक्साइड टाकतात. पिवळा ऑक्साइड म्हणजे पिवळ्या मातीतलं तेच लोह आणि लाल म्हणजे आपला गेरू. पण काळा आणि पिवळा यांची गाठ पडली की हिरवट झाक येते, चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी हे केलेलं असतं. लालचे दोन-चार थेंब ती झाक मारतात. ते कमी पडले की दिवसा न दिसलेला हिरवा रात्री बाहेर येतो. त्यात मावशीच्या हॉलमध्ये ६५०० केल्विनचा पांढराफेक एलईडी. आपल्याकडे बहुतेक घरांत हाच असतो, 'उजेड जास्त' म्हणून. उबदार रंग निवडून त्यावर असला दिवा लावणं म्हणजे चहात बर्फ टाकणं. आम्ही एक दिवा बदलून ४००० केल्विनचा लावला आणि कोपऱ्यातल्या दिव्यात ३००० चा. शेवाळ अर्धं गेलं. उरलेलं अर्धं मात्र शेडचंच होतं.

आणि हे सगळं मी फोनवर टिपत होते, बहिणींना पाठवत होते. एकीला फळा निळा दिसला, एकीला खाकी. फोनचा कॅमेरा स्वतःच ठरवतो की पांढरं काय आणि त्यानुसार बाकीचे रंग सरकवतो. ग्रेजसारख्या काठावरच्या रंगाला त्याचा सगळ्यात जास्त फटका बसतो. तेव्हा ग्रेजसाठी कुणाचंही मत फोटो पाठवून घेऊ नका. माझे दोन्ही लेख यावर गप्प होते.

काकांचा एक डोळा

चौथ्या दिवशी भांडण झालं. मोठं नव्हतं, पण मावशी स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि चहा आला नाही. ती म्हणत होती की रंग बदामी आहे, काका म्हणत होते की राखाडी आहे. "पस्तीस वर्षं तुमचा पिवळा बघितला," एवढं ती बोलली. काका म्हणाले, "मला राखेच्या रंगात म्हातारपण काढायचं नाही."

मग मला आठवलं की ऑक्टोबरमध्ये काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डाव्याचं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. मी म्हटलं, "काका, एकेक डोळा झाकून बघा बरं."

त्यांनी डावा झाकला. "राखाडी." उजवा झाकला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, हा तर बदामी आहे."

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, मोतीबिंदूत तर तपकिरी झाक येते. ते निळा प्रकाश अडवतं, त्यामुळे जग थोडं चहाच्या पाण्यातून दिसतं. हे इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही. ऑपरेशनने स्वच्छ भिंग बसवलं की निळा परत येतो आणि पांढऱ्या वस्तू निळसर वाटू लागतात. चित्रकार क्लोद मोने याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, त्यानंतर रंगांबद्दलची त्याचीही अशीच कुरकुर होती. काका गेला महिनाभर एका डोळ्याने जुनं जग आणि एका डोळ्याने नवं जग बघत होते आणि कुणाला बोलले नव्हते. वयामुळे असं होत असेल म्हणून गप्प बसले होते.

मावशीने चहा आणला. बसता बसता म्हणाली, "म्हणजे माझ्या डोळ्यांतही ते पिवळं असेलच की." असणारच. त्या खोलीत आम्ही तिघं एकाच फळ्याकडे बघत होतो आणि प्रत्येकाला वेगळा रंग दिसत होता.

तुमच्या घरी आजी-आजोबांशी रंगावरून वाद झाला तर हे आधी आठवा. आणि रंग अचानक फिके वाटत असतील तर दुकानाआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

मावशीने तिथेच ठरवलं की दुसरं ऑपरेशन होईपर्यंत रंग थांबेल. मिस्त्रींना लग्नसराईची कामं लागली होती, ते जरा नाराज झाले. "ते घर त्यांचंही आहे," मावशी म्हणाली. "त्यांना जो दिसेल तो शेवटी दिसायला हवा."

कोऱ्या कापडाचा रंग

थांबायचंच आहे म्हटल्यावर काका मला गाव दाखवायला निघाले. इमामबाडा पाहिला, मग घाटावरून फेरीने पलीकडे नाझिरगंजला गेलो. जहाजकारखान्याचा फोटो काढायचा नाही हे काकांनी आधीच बजावलं. पलीकडच्या काठावर शिबपूरचं १७८७ चं वनस्पती उद्यान आहे, तो प्रसिद्ध वड तिथलाच. आणि त्याच हावड्याच्या बाजूला १९०२ साली शालिमार पेंट्सचा कारखाना सुरू झाला, देशातल्या सगळ्यात जुन्या मोठ्या रंगकारखान्यांपैकी एक. म्हणजे आमच्या वादाचा माल शंभर वर्षांपूर्वी नदीच्या पलीकडे बनायचा.

परत येताना ओहोटी होती. इथे हुगळीला भरती-ओहोटी येते. काठाचा गाळ उघडा पडला होता. पाण्यालगतचा ओला भाग काळपट राखाडी, वरचा वाळलेला भाग फिकट बदामी आणि मधे एक पट्टा असा की त्याला काय म्हणावं कळेना. काकांनी एक डोळा झाकून तो बघितला आणि मी हसले.

पण शेवटी रंग सापडला तो गाळात नाही, कापडात. मटियाबुर्ज म्हणजे शिलाईचं गाव. गल्लोगल्ली मशिनींची घरघर, लहान मुलांच्या फ्रॉकचे गठ्ठे, हातगाडीवर बांधलेले डोंगर. नवाबाबरोबर आलेल्या दर्ज्यांची ही परंपरा असं इथे सांगतात. पडद्याचं कापड बघायला मावशीबरोबर एका ओस्तागरांकडे गेलो. दर्जी-मालकाला इथे ओस्तागर म्हणतात. त्यांनी एक गठ्ठा पुढे ओढला आणि म्हणाले, "हा ग्रे माल आहे." मला तर तो मांजरपाटासारखा मळकट साय रंगाचा दिसत होता. ते हसले. कापडाच्या धंद्यात ग्रे म्हणजे राखाडी नव्हे. धुलाई, रंगाई काहीच न झालेलं कोरं कापड म्हणजे ग्रे.

रात्री मी तो शब्द शोधला. ग्रेज हा शब्द फ्रेंच 'ग्रेज'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ कच्चं, न धुतलेलं रेशीम. ग्रे आणि बेजची बेरीज हा अर्थ लोकांनी नंतर जोडला. मी मावशीला हे सांगितलं तर ती एकदम उठली.

"कच्चं रेशीम म्हणजे कोसाच की गं!"

तिने ट्रंकेतून साडी काढली. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावची, तिच्या लग्नातली करवत काठी. काठाला करवतीचे दात आणि अंग कोशाच्या मूळ रंगाचं, कुठलाही रंग न दिलेलं. विदर्भातल्या बायकांना हा रंग सांगावा लागत नाही. तिने ती साडी फळ्यावर टाकली. फळा हिरवट दिसला, साडी नाही. काकांनी आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. "हा दोन्हीकडून चालतो," म्हणाले. नंतर हळूच, "हा आपल्या लग्नातला ना?"

साडी घेऊन आम्ही दुकानात गेलो. कापडावरून शेड जुळवणं सोपं नसतं, रेशमाची चमक मधे येते. दुकानदाराने कार्डांचा मोठा पंखा उघडला आणि दाराबाहेर उजेडात नेऊन एकेक पट्टी साडीच्या घडीवर ठेवली. पंधरा मिनिटांत दोन शेड उरल्या. त्यांचे फळे केले. शेडचा एलआरव्ही नावाचा आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, काळ्याचा शून्य आणि पांढऱ्याचा शंभर. बरेचसे ग्रेज ५० ते ६५ मध्ये येतात. उत्तरेच्या हॉलसाठी आम्ही साठच्या आसपासचा ठेवला. त्याहून गडद घेतला असता तर तीन वाजताच दिवे लागले असते.

पोपडे, पुट्टी आणि बाकीचं

खरं काम भिंतीचं होतं. कोलकात्याच्या दमट हवेत ओल ही घरातली कायमची पाहुणी. न्हाणीघरालगतच्या भिंतीला पोपडे आले होते आणि पांढरं मीठ फुललं होतं. मिस्त्रींनी तिथे प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवला. सकाळी आतून थेंब. म्हणजे ओल भिंतीत आहे आणि वरून कितीही महाग रंग मारला तरी तो सुटणार. आधी नळाची गळती काढली, मग भिंत वाळू दिली. ऑपरेशनसाठी थांबलो त्याचा असाही उपयोग झाला.

जुना रंग खरवडताना नातीला आम्ही लेकीकडे पाठवलं. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत हवं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती असेल ते कुणी सांगू शकत नाही आणि लहान मुलांना ती धूळ फार वाईट. कोरडं घासायचं नाही, पाणी मारून खरवडायचं, मास्क लावायचा, लादी ओल्या फडक्याने पुसायची.

तडे मिस्त्रींनी वेगळे दाखवले. केसासारखा तडा पुट्टीने भरतो. पण कोपऱ्यातून तिरका गेलेला, पुन्हा पुन्हा उघडणारा तडा इंजिनियरला दाखवायचा. हे काकांनी घर घेतानाच करून घेतलं होतं, मंजूर नकाशाही पाहिला होता. मार्च २०२४ मध्ये याच गार्डन रीचमध्ये बांधकाम चालू असलेली एक बेकायदा पाच मजली इमारत मध्यरात्री शेजारच्या घरांवर कोसळली, दहाहून अधिक माणसं गेली. ती जागा काकांनी मला जाता-येता दाखवली नाही, मीही विचारलं नाही. घर घेताना लोक शेड कार्ड आधी मागतात आणि नकाशा नंतर, हे मात्र मला आता खटकतं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, काकांचा दुसरा डोळा उघडल्यावर, डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलेली म्हणून काका लेकीकडे आणि मिस्त्री कामाला. पुट्टीचे दोन हात, घासणं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. मॅट फिनिश, कारण जुन्या भिंतीचे उंचवटे चमकत्या रंगात उठून दिसतात. स्वयंपाकघरात मात्र धुता येईल असा सॅटिन. छताला निळसर पांढरा लावायचा मिस्त्रींचा आग्रह होता, त्याने ग्रेज मळलेला दिसतो. आम्ही सायीसारखा पांढरा घेतला. सगळा रंग एकदम बनवून घेतला, दोन वेळा बनवला की थेंबाचा फरक पडतो.

काका आले ते चष्मा पुसत. हॉलमध्ये उभे राहिले, एकदा डावा डोळा झाकला, एकदा उजवा.

"आता दोन्हीकडे सारखाच दिसतो," म्हणाले. मग दोरीवरच्या कपड्यांकडे बघून, "माझे बनियन एवढे पांढरे होते?"

"अहो, मी एकोणचाळीस वर्षं धुतेय ते," मावशी म्हणाली.

शेडचा नंबर, बेसचं नाव, किती लिटर, कोणत्या तारखेला, हे सगळं काकांनी आपल्या रेल्वेच्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. उरलेला अर्धा लिटर रंग घट्ट झाकून पलंगाखाली आहे. कॅलेंडर अजून लागलेलं नाही. भिंतीत खिळा ठोकायचा की नाही, यावर सध्या दोघांचं चालू आहे.